वरचे वीस रुपये कोणाचे?

नव्वदची कटिंग, शंभराची नोट, आणि उरलेले दहा ‘राहू दे’ म्हणत पायरी उतरायची. आपल्याकडची टीप बरीच वर्षं एवढ्यावर भागत आली. कोणी टक्केवारी काढली नाही की कोणी नियम केला नाही. देणाऱ्याला सुट्या पैशांची कटकट नको असायची, घेणाऱ्याचा चहा सुटायचा. २०१६ साली यूपीआय आलं आणि पुढच्या काही वर्षांत डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या सलूनपासून मसोलीतल्या घरगुती पार्लरपर्यंत आरशाच्या कडेला क्यूआर कोडचा चौकोन चिकटला. आता नव्वद म्हणजे बरोबर नव्वदच जातात. सुटे उरतच नाहीत, तर राहू द्यायचं काय? कारागिराच्या खिशात रोज पडणारी चिल्लर कोणाच्या लक्षात न येता आटली, आणि आजवर आपसूक होणारी गोष्ट आता ठरवून करायची वेळ आली. द्यायची का, कोणाला, किती, कशी?

उत्तरासाठी आधी खुर्चीमागे उभा असलेला माणूस कोण ते बघायला हवं. पुरुषांच्या सलूनमध्ये तो एक तर मालक असतो, नाही तर कारागीर. कारागिराला पुष्कळ ठिकाणी पगार नसतो. केलेल्या कामाच्या पैशांत त्याची मालकाशी वाटणी असते, कुठे निम्मी, कुठे थोडी कमीजास्त. समजा, शंभराची कटिंग निम्म्या वाटणीवर झाली. कारागिराला पन्नास मिळाले. गिऱ्हाइकाने वरचे वीस त्याच्या हातात ठेवले, तर त्या अर्ध्या तासाची कमाई पन्नासाची सत्तर होते. तेच वीस स्वतः कटिंग करणाऱ्या मालकाला दिले तर शंभराचे एकशेवीस होतात. शिवाय मालकाला शंभर परवडत नसतील तर तो उद्या एकशेवीसचा फलक लावू शकतो. कारागीर तसं करू शकत नाही. या सगळ्या चर्चेत मला हीच गोष्ट पायाची वाटते: आपल्या कामाचा दर ज्याला ठरवता येत नाही, त्याचा वरच्या पैशांवर पहिला हक्क.

सलूनचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही, हेही ध्यानात घ्यावं. सोमवारी शटर खाली, शनिवारी केस न कापणारे पुष्कळ, आणि श्रावणात तर दाढी वाढवणाऱ्यांची रांगच. मालकाला भाडं भरावं लागतं म्हणून तो चिंतेत असतो. वाटणीवरच्या कारागिराला काम नाही म्हणजे वाटणीही नाही. २०२० च्या टाळेबंदीत राज्यातली सलून तीन महिने बंद राहिली. २८ जूनला परवानगी मिळाली तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांची. दाढीला आणि त्वचेच्या कामांना अजून बंदीच होती. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा शटर खाली आलं. त्या काळात काही जुन्या गिऱ्हाइकांनी आपल्या नेहमीच्या कारागिराला न केलेल्या कटिंगचे पैसे पोचवले. नियमित टीप देणाऱ्यांपेक्षा मला ती माणसं अधिक जाणती वाटतात.

आता मसोलीतल्या पार्लरकडे वळू. इथे चित्र बदलतं. घराची पुढची खोली, एक खुर्ची, एक आडवा पलंग, आरसा, वॅक्स गरम करायचं भांडं, बाहेर दाराशी हाताने रंगवलेली पाटी. मालकीण तीच, कारागीर तीच, फरशी पुसणारी तीच. दोऱ्याचं एक टोक दातांत धरून दिवसभर आयब्रो करताना मान आणि जबडा दुखतो, तोही तिचाच. मालकाला टीप द्यायची गरज नाही हा नियम इथे लावला तर ती सरळ बाद होते. पण तिचा दर खरंच तिच्या हातात असतो का? शेजारीण येते आणि म्हणते, ‘‘मागच्या वेळी तीस घेतलेस ना गं?’’ नणंद येते ती पैसे विचारतच नाही. शाळेतली मैत्रीण ‘‘नंतर देते’’ म्हणून जाते. पाटीवर चाळीस लिहिलेले असले तरी हातात पडतात किती, हे समोरच्या बाईच्या नात्यावर ठरतं. म्हणून घरगुती पार्लरवालीला वरचे दहा देण्याआधी पाटीवरचे चाळीस पूर्ण द्यावेत, त्याच दिवशी द्यावेत, आणि नातं असलं तरी द्यावेत. टिपेचा प्रश्न इथे दुसऱ्या क्रमांकावर येतो.

जुन्या गावगाड्यात न्हाव्याला टीप नव्हती, कारण कामागणिक दरच नव्हता. बारा बलुतेदारांतला तो एक. वर्षभर घरोघरच्या पुरुषांची डोकी आणि दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचं बलुतं घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’त ही देवघेव बारकाईने मांडली आहे. ही घडी मुख्यतः देशावरची; डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांचा व्यवहार तिच्याबाहेरचा. बलुत्याखेरीज प्रसंगाचा मान वेगळा असे. त्यातला एक आजही टिकून आहे तो जावळाचा. मूल मामाच्या मांडीवर बसतं, रडतं, घरातल्या बायका खुळखुळा वाजवतात, आणि काम झालं की न्हाव्याला शिधा, नारळ, पैसे दिले जातात. तिथे कोणी दर विचारत नाही आणि देताना हातही आखडत नाही. गेलेल्या माणसाच्या दहाव्याला घाटावर येणाऱ्या न्हाव्याशीही कोणी घासाघीस करत नाही. म्हणजे देण्याची रीत आपल्याला ठाऊक नाही असं नाही. ती प्रसंगांपुरती राखून ठेवली गेली आहे आणि रोजच्या कामाला मात्र हिशेबी नजर लागते.

पण त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. तिच्यात न्हाव्याची खुर्ची, किंवा त्या काळचा पाट, सगळ्यांसाठी नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे की साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती, तरी भावंडांचे केस थोरली बहीण कापायची आणि कापून कापून ती त्या कामात तरबेज झाली होती. पैसे असून सेवा नाकारली जाते, त्या गावात टिपेला काय अर्थ? या पार्श्वभूमीवर सलूनच्या भिंतीवर लावलेलं छापील दरपत्रक मला फार मोलाचं वाटतं. कटिंग इतके, दाढी इतके, डाय इतके. वाडीचा मालक असो की तलासरीच्या पाड्यावरून उमरगावच्या कारखान्यात कामाला जाणारा वारली तरुण, खुर्ची तीच, कापड तेच आणि दर तोच. तो दर मोजला की कोणाचे उपकार उरत नाहीत, ना कापून घेणाऱ्यावर, ना कापणाऱ्यावर. टिपेने ही बरोबरी बिघडू नये, म्हणजे जास्त देणाऱ्याला रांग मोडून खुर्ची मिळू नये, एवढी काळजी सलूनवाल्यांनीही घ्यायला हवी.

आणि हा कारागीर कधीच नुसता हुकमाचा ताबेदार नव्हता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. हे पैसे मिळणारं काम होतं, आणि ते नाकारण्यात रोजगार बुडत होता. तरी त्यांनी नाकारलं, कारण वस्तरा आपल्या हातात आहे आणि तो कशासाठी चालवायचा हे आपण ठरवू, असं त्यांना वाटलं. बक्षिसीची नोट पुढे करताना समोर अशा परंपरेचा माणूस उभा आहे, हे विसरू नये. नोट टेबलावर भिरकावू नये, खांद्यावरच्या कापडावर टाकू नये. हातात द्यावी, नजरेला नजर देऊन द्यावी. तरुण मुलगी काम करत असेल तर टीप देताना तिचा नंबर मागणं, हात रेंगाळत ठेवणं, हा सरळ त्रास आहे. त्याला दिलदारी म्हणत नाहीत.

डहाणू-तलासरीच्या मातीत कामाच्या मोलाबद्दल आणखी एक मोठी गोष्ट घडून गेली आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारली शेतमजूर जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. जमीनदाराच्या घरी, वाडीत, जंगलात बिनमोल राबायचं, ही पिढ्यानपिढ्यांची सक्ती त्यांनी झुगारली. त्यापुढची मागणी होती दराची: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. त्या लढ्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सगळा काळ आहे. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमीनदार कधीमधी खूश होऊन काही हातावर टेकवतही असतील. वारल्यांनी ते वाढवून मागितलं नाही. त्यांनी कामाचं माप आणि त्या मापाचा दर मागितला.

वेठीची क्रूरता आणि आजच्या पार्लरमधली फुकट कामं यांची बरोबरी मी करत नाही, तशी ती होऊच शकत नाही. तरी याच तालुक्यांत लग्नाच्या पहाटे काय चालतं ते सांगायलाच हवं. एप्रिल-मे हा इथला लग्नांचा हंगाम. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली माणसं पावसाळ्याच्या तोंडावर परततात, शेतीची कामं सुरू व्हायची असतात, आणि एकेका तारखेला गावोगाव मांडव पडतात. पूर्वी घरच्याच बाया नवरीला नटवायच्या. आता वारली, मांगेला, भंडारी, सगळ्या घरांत पार्लरवाली ताई बोलावली जाते. ठरलेलं असतं नवरीचं: मेकअप, केस, साडी. ताई पहाटे अंधारात स्कूटीवर जड पेटी घेऊन निघते. नवरी अर्धी तयार होते तोच सुरुवात होते. ‘‘ताई, आलीच आहेस तर आईचा अंबाडा घाल.’’ ‘‘मावशीला साडी नेसवून दे, तिला पिना लावता येत नाहीत.’’ ‘‘करवलीला जरा बेस मार, फोटोत काळी दिसेल.’’ बघता बघता सात बाया तयार होतात. निघताना हातात ठरलेली रक्कम पडते, कधी त्यातूनही ‘‘पाचशे कमी कर ना, घरचंच कार्य आहे’’ म्हणत वजा होऊन. वर नवरीची आई प्रेमाने ओटी भरते, ब्लाउजपीस देते, जेवून जा म्हणते. ते प्रेम खरं असतं, यात मला शंका नाही. पण नवरीखेरीज सहा जणींचं काम फुकट झालेलं असतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लागलेलं फाउंडेशन ताईने स्वतःच्या पैशाने आणलेलं असतं.

अशा वेळी टीप किती द्यावी, हे विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच: आधी माणसं मोजा. जितक्या जणी खुर्चीत बसल्या तितक्यांचे पैसे द्या. अंधारात आली असेल तर जाण्या-येण्याचं भाडं द्या. रात्रीच्या रिसेप्शनला थांबवली असेल तर घरातलं कोणी तिला सोडायला पाठवा. हे झाल्यावर मेकअप मनासारखा झाला म्हणून पाकिटात जास्त घालावंसं वाटलं तर जरूर घाला. बरोबर हाताखाली मुलगी असेल तर तिचं पाकीट वेगळं करा.

वस्तूंच्या रूपातली टीप ही इथली खास गोष्ट. डहाणूत चिकूच्या हंगामात वाडीवाल्यांच्या घरून पार्लरवालीला पिशवीभर चिकू येतात. किनाऱ्यावरच्या घरातून सुके बोंबील येतात. दिवाळीला फराळाचा डबा येतो. हे चालू राहावं, त्यात ओलावा आहे. फक्त चिकू दिले म्हणून फेशियलचे पैसे कमी करायचे नाहीत. दुकानाचं भाडं चिकूंनी भरत नाही.

परदेशातल्या रिती आपल्याकडे सध्या मोबाइलवरून आणि सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकांकडून पोचतात. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर थ्रेडिंग करून घेणारी आपली मराठी मुलगी बिलावर पंधरा-वीस टक्के ठेवते, आणि डहाणूला आल्यावर इथेही तसंच करू का असं विचारते. तिथली टीप मोठी का, हे समजलं तर तिचा प्रश्न सुटेल. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायचं रोख किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर एवढंच आहे. टीप धरून ते ७.२५ च्या खाली गेलं तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही. सलूनमध्ये हिशेबाच्या पद्धती वेगळ्या असतील, पण गिऱ्हाइकाने कामगाराच्या पगारातला वाटा उचलायचा, ही सवय या व्यवस्थेने देशभर रुजवली. तिथे टीप न देणं म्हणजे मजुरी बुडवण्यासारखं. जपानमध्ये उलटं. दर पूर्ण असतो, काम उत्तमच व्हायचं असतं, आणि वर पैसे पुढे केले तर समोरचा संकोचतो. ब्रिटनने वेगळाच प्रश्न हाती घेतला: टीप दिली कोणी, यापेक्षा ती पोचली कोणाला? तिथला २०२३ चा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आणि टिपेचे पैसे मालकाने स्वतःकडे ठेवायचे नाहीत, ते कामगारांपर्यंत पोचलेच पाहिजेत, असं बंधन आलं. या तिन्हींपैकी आपल्याला सर्वांत जवळची अडचण ब्रिटनची आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल कर्मचाऱ्यांच्या टिपेविषयी निकाल दिला, तो करकपातीच्या वादात. गिऱ्हाइकाने दिलेली टीप हा मालकाने दिलेला पगार होत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याची दुसरी बाजू अशी की कामगाराला ती हक्काने मागता येत नाही. रेस्टॉरंटमधल्या सक्तीच्या सर्व्हिस चार्जवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बंदीचे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. सलून त्या वादात आलीच नाहीत. थोडेच कामगार असलेल्या छोट्या दुकानांना राज्याच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमात नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. मसोलीतली पार्लरं तर एका बाईची. सरकारच्या यादीत त्यांचं स्थानही धूसर आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत नाभिकांचं नाव आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे, स्वस्त कर्ज आहे. आयब्रो-फेशियल करणाऱ्या बाईचा व्यवसाय त्या अठरांत वेगळ्या नावाने नाही.

मोठ्या शहरांत हेच काम ॲपवरून होतं. तिथे काम संपल्यावर पडद्यावरच टीप किती द्यायची ते विचारतात. सोय चांगली आहे. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या कार्यालयाबाहेर ब्युटिशियन बाया निदर्शनाला बसल्या, तेव्हा त्यांची तक्रार कंपनी कापून घेत असलेल्या कमिशनची होती. गिऱ्हाइकाने वर दिलेले पन्नास कमिशनच्या खड्ड्यात पुरे पडत नाहीत, हे त्या बायांना बरोबर कळलं होतं.

मग डहाणूत, मसोलीत, तलासरीत करायचं काय? क्यूआर कोड मालकाचा असेल तर बिल त्यावर भरावं, आणि कारागिरासाठी खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवाव्यात, किंवा त्याला त्याचा स्वतःचा नंबर विचारावा. कटिंग-दाढीला दहा ते वीस पुरेसे आहेत; तासभर डोक्याला मसाज, डाय, फेशियल असं लांबलेलं काम असेल तर थोडे वाढवावेत. टक्केवारी डोक्यात घेऊन आरशासमोर ताटकळू नये. परवडत नसेल तर देऊ नये आणि लाजूही नये. पूर्ण दर वेळेवर देणारं गिऱ्हाईक कोणत्याही दुकानाला हवंच असतं. काम बिघडलं तर टीप कापून राग काढण्यापेक्षा तिथेच सांगावं, कल्ला वर-खाली झालाय, पुन्हा बघ. चांगला कारागीर ते दुरुस्त करून देतो. दिवाळीला नेहमीच्या माणसाला एका कटिंगचे पैसे जास्त द्यावेत. आणि सर्वांत आधी तिच्याकडे बघावं जी कोणाच्याच हिशेबात नसते: डोकं धुणारी, वॅक्सच्या पट्ट्या कापणारी, केस झाडून काढणारी शिकाऊ मुलगी. मालकीण काम शिकवते म्हणून तिला महिन्याला नावापुरते पैसे मिळतात, कधी तेही नाहीत. तिच्या हातात पडलेल्या वीस रुपयांतून निदान तिचं त्या दिवसाचं भाडं निघतं.

बाकीचं काम व्यावसायिकांनी मिळून करायचं आहे. पुरुषांच्या सलूनचे दर नाभिक संघटना ठरवतात, छापतात, सगळी दुकानं ते लावतात, म्हणून तिथे घासाघीस कमी. पार्लरवाल्या बाया एकेकट्या आहेत, म्हणून प्रत्येकीशी वेगळी घासाघीस होते. डहाणू आणि तलासरीतल्या या बायांनी पुढच्या लग्नसराईआधी एकत्र बसून एक कागद करावा आणि सगळ्यांच्या भिंतीवर तोच लावावा. पार्लरमधला दर वेगळा, घरी येण्याचा वेगळा, पहाटे पाचच्या आधीचा वेगळा. नवरीखेरीज दर माणशी किती, साडी नेसवण्याचे किती, अंबाड्याचे किती. बुकिंगला निम्मी रक्कम आगाऊ, तारीख मोडली तर ती परत नाही. आणि तळाशी ठळक अक्षरांत: मदतनीस मुलीचे पैसे तिच्याच हातात द्यावेत.